दुधाळ गाईचा गोऱ्हा हुकावर 'ओ' नाहीतर 'पी'च का येतो? (होल्स्टीन, जर्सी, बेल्जियन ब्ल्यू आणि जनुकं)

कॉर्ककर (धागाकर्ता)

मागे आयर्लंडच्या डेअरीवर धागा निघाला होता. तिथे दोघातिघांनी विचारलं होतं की एकाच गोठ्यात, एकाच आठवड्यात जन्मलेल्या दोन गोऱ्ह्यांच्या भावात कितीतरी पट फरक कसा काय पडतो. उत्तर लिहायला बसलो तर ते मूळ लेखापेक्षा लांबायला लागलं, म्हणून वेगळा धागा.

आधीच सांगून टाकतो, विषय गोमांसाचा आहे. शिक्षणाने मी पशुवैद्य, आणि इथे मन्स्टरमध्ये (आयर्लंडचा दक्षिण भाग) रोजची भाकरी कत्तलखान्याच्या लाइनवर मिळते. ज्यांना वाचवणार नाही त्यांनी खुशाल दुसरा धागा उघडावा.

तर कार्कस म्हणजे काय? जनावर कापून कातडं, डोकं, खुरं, पोटातला सगळा ऐवज निघाला की मधोमध चिरलेले जे दोन अर्धे हुकावर लटकतात ते. शेतकऱ्याला पैसे जिवंत वजनाचे मिळत नाहीत, या कार्कसच्या किलोंचे मिळतात. किलोचा भाव दोन गोष्टींवर हलतो: आकार आणि चरबी. आकाराला युरोपात ई, यू, आर, ओ, पी अशा पायऱ्या. ई म्हणजे मांडी फुगून बाहेर आलेली, पी म्हणजे मांडी आत गेलेली. प्रत्येक पायरीचे पुन्हा अधिक, बरोबर, उणे असे तीन भाग, म्हणजे एकूण १५. चरबीला १ ते ५, तिचेही तसेच तुकडे.

पूर्वी हे माणूस डोळ्यांनी ठरवायचा. २००४ पासून इथे बहुतेक ठिकाणी यंत्र ठरवतं. अर्धं कार्कस येतं, क्षणभर थांबतं, त्यावर उजेडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या पडतात, कॅमेरा फोटो घेतो, पट्ट्या कुठे वाकल्या त्यावरून संगणक फुगवटा मोजतो आणि पुढचं येतं. बेल्जियन ब्ल्यू या मांसाळ जातीच्या मांडीवर त्या पट्ट्या चांगल्याच वाकतात. दुधाळ होल्स्टीनच्या मांडीवर त्या जवळजवळ सरळ उतरतात आणि कमरेच्या हाडाशी एकदम आत वळतात. थोडे दिवस लाइनवर उभं राहिलं की आकडा यायच्या आधीच आपल्याला कळतं.

दुसरा फटका उताऱ्याचा, म्हणजे जिवंत वजनातले किती टक्के कार्कस म्हणून उतरतात त्याचा. समजा ६२० किलोचे दोन बैल आले. होल्स्टीन साधारण ५१ टक्के उतरतो, म्हणजे ३१६ किलो. ब्ल्यूचा संकर ५६ टक्के उतरला तर ३४७. जिवंत वजन तेच, पण हुकावर ३१ किलो कमी, आणि जे आहे त्याचाही किलोमागे भाव कमी. उरलेलं वजन गेलं कुठे? पोटात. दुधाळ जनावराचं आतडं लांब, पोट मोठं, यकृत मोठं. दिवसाला तीस-चाळीस लिटर दूध द्यायचं तर ढीगभर चारा खाऊन पचवायला हवा, आणि पिढ्यानपिढ्या त्यासाठीच निवड झाली. गोऱ्ह्याला ते यंत्र फुकटात मिळतं, त्याला दूध द्यायचं नसलं तरी.

चरबीचंही तसंच. मांसाळ जाती चरबी कातड्याखाली आणि स्नायूत साठवतात. होल्स्टीन-जर्सी ती आधी आत साठवतात, मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यांच्या पडद्यात. व्यायल्यावर पहिल्या दोन महिन्यांत गाय जेवढं खाते त्याहून जास्त दुधात घालते, तेव्हा हीच साठवण वितळून कासेत जाते. कामाची साठवण आहे, पण कार्कसवर तिचा रुपया मिळत नाही. ती आधीच कापून बाजूला पडते.

इथला सगळा घोळ २०१५ नंतर वाढला. युरोपियन युनियनचा दूध-कोटा १९८४ पासून होता, तो ३१ मार्च २०१५ ला संपला. आयर्लंडमधल्या दुभत्या गाई सुमारे ११ लाखांवरून १५ लाखांच्या वर गेल्या. प्रत्येक गाय दरवर्षी विते, निम्मे गोऱ्हे. आज इथल्या बीफपैकी निम्म्याहून जास्त डेअरीच्या कळपातून येतं. म्हणजे दुधासाठी बैल निवडणारा माणूस नकळत देशाचं बीफही निवडतोय.

माझं स्वतःचं मत शेवटी टाकतो, म्हणजे भांडायला सोपं: हे युरोपचं माप मांस किती निघेल याचं आहे, ते खायला कसं लागेल याचं नाही. आणि दुधाळ जाती खाण्यात अजिबात मागे नाहीत, उलट जर्सी तर पुढे आहे. पी ग्रेडचं जर्सी संकराचं स्टेक आणि यू ग्रेडचं मांसाळ शॅरोले जातीचं स्टेक डोळे बांधून समोर ठेवा.

---

हिरवा_चारा

जबरी माहिती. वाचनखूण साठवली. मी बीफ खात नाही, पण 'उतारा' हे प्रकरण पहिल्यांदाच कळलं. आमच्याकडे बोकडाला असाच अंदाज बांधतात, कमरेवर हात ठेवून.

---

डॉ_खुरपे

चांगला विषय. एक शंका. हा फरक जनुकांचा किती आणि खाण्याचा किती? डेअरीचा गोऱ्हा तिसऱ्या दिवशी आईपासून तोडतात, पावडरच्या दुधावर वाढतो. मांसाळ जातीचा सात-आठ महिने आईला पितो. मग होल्स्टीन किडकिडीत निघाला तर जनुकाला का झोडपायचं?

---

कॉर्ककर

@डॉ_खुरपे, रास्त शंका. म्हणून तुलना डेअरीच्याच वासरांत करायची: त्याच कळपातली, त्याच बादलीतलं दूध प्यालेली, फक्त बाप वेगळा. तरीही फरक उरतो. होल्स्टीन बापाचा ओ-पी मध्ये, अँगस किंवा हेरफर्ड या मांसाळ जातींचा ओ-आर मध्ये, ब्ल्यूचा आर आणि कधी यू. जर्सी बाप असेल तर कार्कस होल्स्टीनपेक्षाही हलकं, फरक सहज वीस-पंचवीस किलोंचा.

आनुवंशिकता-गुणांक (जनावरा-जनावरांतल्या फरकात जनुकांचा वाटा किती, ० ते १ मध्ये) म्हणाल तर कार्कसच्या वजनाचा ०.४ च्या आसपास, आकार आणि चरबीचा ०.३ च्या आसपास. दुधाचाही साधारण ०.३. गाय वेळेवर गाभण राहण्याचा बघा, ०.०५ च्याही खाली. म्हणजे कार्कस हे निवडीला पटकन वळणारं लक्षण आहे. अडचण इतकीच की डेअरीवाल्याने ते वळवायचं कशासाठी? गोऱ्हा तिसऱ्या आठवड्यात विकून मोकळा होतो. फायदा दोन वर्षांनी दुसऱ्याच्या खिशात.

---

सात्त्विक

अशा विषयावर मराठीत धागे निघावेत हे बघून वाईट वाटलं. गाय म्हणजे किलो आणि टक्के? संपादक लक्ष देतील का?

---

हिरवा_चारा

@सात्त्विक, भावना समजते. पण धागाकर्त्याने पहिल्याच परिच्छेदात सावध केलंय. आणि रोजच्या चहातल्या दुधामागे एक गोऱ्हा असतोच, आयर्लंडमध्ये असो नाहीतर आपल्याकडे. तो कुठे जातो हे विचारणंही वाईट का?

---

संपादक

धागा माहितीपर आहे, नियमात बसतो. धर्म आणि राजकारण इथे नको. त्या विषयावरचे प्रतिसाद उडवले जातील.

---

विस्कॉन्सिनची_सुमा

कॉर्ककरांनी मूळ लेखाच्या शेवटी टाकलेलं मत अमेरिकेत शंभर टक्के लागू. आमच्याकडे युरोपचं माप नाहीच. इथे बरगडीपाशी काप घेऊन स्नायूतली चरबी बघतात, म्हणजे मार्बलिंग. प्राइम, चॉइस, सिलेक्ट ही नावं त्यावरून. या परीक्षेत होल्स्टीन चांगला पास होतो, चॉइस सहज मिळतो. शिवाय एकसारखेपणा: हजार होल्स्टीन घ्या, सगळे एका साच्यातले, कारण बापांची संख्या मोजकीच.

मग नापास कुठे होतो? बरगडीच्या डोळ्यात. रिब-आयचा स्नायू होल्स्टीनमध्ये लांबट आणि अरुंद असतो, मांसाळ जातीत गोलसर. ताटलीत ठेवल्यावर ग्राहकाला तो वेगळाच काहीतरी दिसतो. चवीला काही कमी नाही, पण हॉटेलवाला आकार बघून घेतो. आणि फीडलॉटमध्ये (कोंडून धान्यावर पुष्ट करायची जागा) होल्स्टीन जास्त दिवस खातो, किलोमागे धान्य जास्त लागतं. बरेच दिवस मक्यावर राहिल्याने यकृतात गळवं होण्याचं प्रमाणही डेअरीच्या जनावरांत जास्त. गळवं छाती-पोटामधल्या पडद्याला चिकटली तर कापणाऱ्याची लाइन थांबते, तिथे खरी शिवी बसते.

म्हणून गेल्या काही वर्षांत इथे 'बीफ ऑन डेअरी'ची लाट आलीय. चांगल्या गाईंना लिंगनिर्धारित वीर्य, कालवडी तिथूनच. उरलेल्या सगळ्यांना अँगसच्या वीर्याची कांडी. आमच्या भागात निव्वळ होल्स्टीन गोऱ्हा आता शोधायला लागतो. गंमत म्हणजे या संकरांत मार्बलिंग होल्स्टीनचं टिकतं आणि रिब-आय गोल होतो.

---

जनुकवेडा

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनहून. जनुकांचा धागा आहे आणि अजून एकाही जनुकाचं नाव नाही, हे चालायचं नाही. :)

१) मायोस्टॅटिन. दुसऱ्या गुणसूत्रावर. हे प्रथिन स्नायूला 'आता पुरे' सांगतं. बेल्जियन ब्ल्यूमध्ये या जनुकातली डीएनएची ११ अक्षरं गळाली आहेत, त्यामुळे प्रथिन निकामी आणि स्नायूंना लगाम नाही. १९९७ मध्ये हे सापडलं. गंमत अशी की स्नायूतंतू जाड होण्यापेक्षा त्यांची संख्याच जास्त होते. चरबी कमी, जोडऊती कमी, म्हणून मांस मऊही लागतं. शुद्ध ब्ल्यूचा उतारा ६५ टक्क्यांपर्यंत जातो. किंमतही मोजावी लागते: आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आलेलं वासरू इतकं रुंद की बेल्जियममध्ये शुद्ध ब्ल्यू गाईंची बाळंतपणं जवळजवळ सगळी सिझेरियननेच.

होल्स्टीनच्या पोटात मात्र ब्ल्यूच्या वासराला बिघडलेली एकच प्रत मिळते, दुसरी आईकडची धड असते. म्हणून वासरू मध्यम भरतं, गाय रुंद कमरेची, बहुतेक वेळा निभावून जातं.

लिमूझाँ या फ्रेंच मांसाळ जातीत याच जनुकात वेगळा बदल आहे, एफ९४एल. एकच अमिनो आम्ल बदलतं. प्रथिन अर्धवट चालतं, मांस वाढतं, पण बाळंतपणाचा त्रास फारसा वाढत नाही. मला विचाराल तर डेअरीसाठी ब्ल्यूपेक्षा हा बदल जास्त शहाणा.

२) डीजीएटी१. चौदाव्या गुणसूत्रावर. २००२ मध्ये बेल्जियमच्या लिएजमधल्या संशोधक-गटाने दाखवलं की यातल्या एका बदलाने दुधाची फॅट चांगलीच वर जाते. जर्सीत हा फॅटवाला प्रकार भरपूर. मग लोकांना वाटलं, दुधात फॅट घालणारं जनुक मांसातही घालत असेल. काही अभ्यासांत मार्बलिंगशी संबंध दिसला, काहींत नाही. त्यामुळे 'फॅट जास्त लागणाऱ्या गाईचं मार्बलिंग चांगलं' असा सरळ हिशोब मांडू नका.

३) पीएलएजी१. हेही चौदाव्यावरच. जनावराची उंची आणि थोराड बांधा. हे सापडलं न्यूझीलंडमध्ये, होल्स्टीन-फ्रीजन आणि जर्सी यांच्या संकराच्या पिढ्या मोजून, २०११ मध्ये. कॉर्ककर म्हणतात ते जर्सीचं वीस-पंचवीस किलो हलकं कार्कस, त्यातला काही वाटा याचा.

एवढं सांगून मीच पाणी ओततो: मायोस्टॅटिन सोडलं तर एकेकट्या जनुकाने फार काही हलत नाही. कार्कसचं वजन हजारो ठिकाणच्या बारीक बारीक फरकांची बेरीज आहे. म्हणून आता एकेक जनुक शोधत बसण्यापेक्षा सगळा जीनोम (जनावराची सगळी जनुकीय माहिती) एकदम वाचून गुण देतात.

---

डॉ_खुरपे

@जनुकवेडा, जर्सीच्या पिवळ्या चरबीबद्दल काही? आम्ही शिकताना शवविच्छेदनात जर्सी संकर उघडला की चरबी हळदीसारखी पिवळी. सुरुवातीला कावीळच वाटायची.

---

जनुकवेडा

हो, तो मुद्दा राहिलाच. हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन, म्हणजे एक पिवळं रंगद्रव्य. ते मोडणारं एक जनुक आहे, बीसीओ२. जर्सीत त्याची बिघडलेली प्रत सापडते, दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर कॅरोटीन चरबीत साठत जातं. म्हैस ते जवळजवळ सगळं मोडून टाकते, म्हणून म्हशीचं तूप पांढरं, गाईचं पिवळं, आणि तेच चरबीतही दिसतं. बाजारात पिवळ्या चरबीला भाव कमी, कारण गिऱ्हाइकाला ती म्हाताऱ्या गाईची वाटते. जर्सीवर हा निव्वळ अन्याय, कारण तिच्या मांसाच्या चवीत काहीच खोट नाही.

---

मापुसेकर

गोव्यातून. एक घरगुती प्रश्न. आमच्याकडे बीफ चिली फ्राय करायचं तर कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात, आणि लंडनला मुलाकडे तेच तव्यावर पाच मिनिटांत. हा जनुकांचा प्रकार की कापणाऱ्याचा?

---

कॉर्ककर

@मापुसेकर, कारणं तीन. पहिलं वय: आपल्याकडे येतो तो नांगराला जुंपून थकलेला बैल, इथला बहुतेक तीस महिन्यांच्या आतला. दुसरं, कापल्यावर थंडाव्यात टांगून ठेवणं. आठ-दहा दिवस टांगलं की स्नायूतली कॅल्पेन नावाची विकरं आतून तंतू तोडत जातात आणि मांस मऊ पडतं. सकाळी कापून दुपारी विकलं तर त्यांना वेळच मिळत नाही.

तिसरं जनुकांचं. कॅल्पेनला अडवणारं कॅल्पास्टॅटिन असतं. वशिंडवाल्या देशी गोवंशात ते जास्त काम करतं, म्हणून टांगूनही मांस कमी मऊ पडतं. ऑस्ट्रेलियात उत्तरेकडे ब्राह्मन नावाच्या वशिंडवाल्या गोवंशाचा संकर भरपूर, तर तिथल्या मांसाच्या दर्जाच्या पद्धतीत कार्कसवर वशिंडाची उंची मोजतात! वशिंड उंच तर देशी रक्त जास्त. त्या पद्धतीत मांडीचा फुगवटा मोजतच नाहीत. मार्बलिंग, हाडांची पक्वता, आम्लता बघतात. म्हणून म्हणतो, माप काय निवडता त्यावर कुठली जात हुशार ठरते ते अवलंबून.

---

विस्कॉन्सिनची_सुमा

आम्लता नीट आली नाही म्हणजे दमलेल्या-घाबरलेल्या जनावराचं काळपट मांस, ते जनुकापेक्षा ट्रकवाल्याच्या हातात. +१ बाकी सगळ्याला.

---

दूधवाला_फलटण

नमस्कार मंडळी. आपल्या दहा एचएफ (होल्स्टीन-फ्रीजन) गाया आहेत, म्हणून बोलतो. तुमचं ई-यू-आर ऐकून मजा वाटली, पण आमचा प्रश्न वेगळाय. गोऱ्हा झाला की घरात तोंडं पडतात. कोणी फुकट नेत नाही. एचएफ संकराला वशिंड नाही, जू कुठं अडकवायचं? ऊन लागलं की जिभा काढतो. आणि शेतात आता ट्रॅक्टर. २०१५ पासनं तर विकायचा रस्ताच बंद. मग लोक काय करतात ते इथं लिहीत नाही, तुम्हाला माहितीय. आम्हाला या कार्कसच्या जनुकांचा काय उपयोग?

---

डॉ_खुरपे

दूधवाले, तुमचा प्रश्नच खरा. ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. म्हशी-रेड्यांना ती बंदी नाही.

कार्कसची जनुकं तुमच्या एचएफला कामाची नाहीत, ते खरं. पण आयर्लंड-विस्कॉन्सिनवाल्यांनी गोऱ्ह्याचं गणित ज्या पहिल्या पायरीवर सोडवलं ती तुमच्या कामाची आहे: नको असलेला गोऱ्हा जन्मालाच घालायचा नाही. लिंगनिर्धारित कांडी. एक्स शुक्राणूत (ज्यातून कालवड होते) डीएनए वायपेक्षा ३.८ टक्क्यांच्या आसपास जास्त असतो, त्या फरकावर यंत्र एकेक शुक्राणू वेगळा करतं. दहात नऊ कालवडी. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या कार्यक्रमात देशी बनावटीच्या तंत्राची घोषणा झाली, त्याने मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असं सांगितलं गेलं. त्याच दिवशी गाई-म्हशींच्या जीनोम चिप्सही (जनुकं तपासायची साधनं) जाहीर झाल्या.

फक्त एक: ही कांडी पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, नीट माजावर येणाऱ्या गाईला भरा. तिच्यात शुक्राणू कमी असतात, गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी. चारदा उलटलेल्या (भरूनही गाभण न राहिलेल्या) गाईला भरून पैसे घालवू नका.

---

दूधवाला_फलटण

दोन कालवडींना भरलीय. एक राहिली, एक उलटली. बघू.

आणि म्हशीचं काय? माझ्या मेव्हण्याकडं मुऱ्हा आहेत. रेडकू झालं तरी हालच.

---

डॉ_खुरपे

रेड्याला कायदेशीर बाजार आहे, भारतातून जे 'बीफ' परदेशी जातं ते म्हशीचंच. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, आखाती देश. तरीही रेडकं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दगावतात, कारण चीक आणि दूध त्यांच्या वाट्याला येत नाही. तिथे जनुकं नंतर, आधी बाटलीभर दूध.

मला खटकतं ते असं: मुऱ्हा असो की पंढरपुरी, वळू निवडताना आईचं दूध आणि फॅट बघतात, बस्स. रेडा वर्षाला किती वाढला, उतारा किती, हे बघून वळू निवडल्याचं माझ्या बघण्यात नाही. एवढा निर्यातीचा धंदा, आणि पैदाशीच्या अंगाने तो सगळा योगायोगावर चाललाय.

---

सात्त्विक

वाचतोय. रेडकांचं ते दोन-तीन महिन्यांचं वाचून जास्त वाईट वाटलं. लिंगनिर्धारित वीर्याबद्दल स्वतंत्र धागा काढा डॉक्टर.

---

जनुकवेडा

अवांतर, पण विषयाला धरून: एकच जात दुधालाही आणि मांसालाही चालवणारे लोक आहेत. बव्हेरिया-ऑस्ट्रियाचा फ्लेकफी, फ्रान्सची माँबेलियार्द आणि नॉर्मांद. फ्लेकफीचा वळू निवडायच्या निर्देशांकात मांसाला आजही वेगळं वजन असतं. दूध होल्स्टीनपेक्षा कमी, पण गोऱ्हा विकला की शेतकरी हसतो. दूध आणि स्नायू यांचं जनुकीय वैर आहे, पण ते सौम्य आहे. होल्स्टीनमध्ये मांसाकडे कुणी बघितलंच नाही म्हणून एवढी दरी पडली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरोपातल्या जुन्या आटोपशीर फ्रीजनवर अमेरिकेची होल्स्टीन चढवली गेली, त्यातून दूध वाढलं आणि पुठ्ठे गेले.

---

टिपरेरीचा_पाहुणा

मी इथे नवीन. कोल्हापूरचा, आयर्लंडमध्ये टिपरेरीत एका डेअरी फार्मवर नोकरी. मालकाने यंदा बीफच्या कांड्या निवडायचं काम माझ्यावर टाकलंय. यादीत अँगसच पन्नासच्या वर. मी विचार केला, सगळ्यात मोठा कार्कस देणारा घ्यावा, गोऱ्ह्याला भाव येईल. बरोबर ना?

---

कॉर्ककर

@टिपरेरीचा_पाहुणा, थांब! यादीत वरून पहिला कार्कसवाला उचललास तर मार्चमध्ये रात्रभर अडलेल्या वासरांच्या दोऱ्या ओढत बसशील.

कार्कसचं वजन आणि जन्माचं वजन एकमेकांना धरून चालतात. मोठ्या कार्कसचा बाप बहुधा मोठं वासरू देतो, आणि त्याची किंमत मोजते तुझी दूध देणारी गाय. वासरू अडलं तर पुढचं दूध कमी, गाभण राहायला उशीर. म्हणूनच २०१९ मध्ये इथे डेअरी-बीफ निर्देशांक आला. त्यात मुख्य भाग दोन: एक बाळंतपणाचा, त्यात त्रास, गाभणकाळ, मेलेली वासरं, दुसरा बीफचा, त्यात वजन, आकार, चरबी, खाद्य. सगळा हिशोब युरोत. काम असं: आधी बाळंतपणाच्या त्रासाच्या रकान्यात तुझ्या गाईंना झेपेल ती रेघ मार, तिच्यावरचे सगळे खोड. उरलेल्यांत कार्कसचा रकाना बघ. दोन्हीत चांगले असे बैल असतात, थोडे असतात पण असतात. एकाच जातीत वरचा आणि खालचा बैल यांच्यात एवढा फरक असतो की 'अँगस घ्या' म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं.

गाभणकाळही बघ. अँगस, हेरफर्ड होल्स्टीनच्या जवळपास, २८० दिवसांच्या आसपास. लिमूझाँ, शॅरोले आठवडाभर जास्त घेतात. वसंतातल्या गवतावर दूध काढणाऱ्या माणसाला तो आठवडा म्हणजे प्रत्येक गाईमागे आठवडाभराचं दूध बुडालं.

---

टिपरेरीचा_पाहुणा

बापरे. मालकाने एवढं सांगितलं नव्हतं. आणि कालवडींना?

---

कॉर्ककर

कालवडींसाठी रेघ वेगळी आणि कडक. पहिलटकरीण आहे, तिच्यासाठी त्रासाचा आकडा वेगळा छापतात, तोच बघ, मोठ्या गाईंचा नको. ब्ल्यू कालवडीला नाहीच.

---

विस्कॉन्सिनची_सुमा

आणि रंगावर जाऊ नकोस. बाजारात लोक पांढरं तोंड दिसलं की हेरफर्ड, काळं-बिनशिंगी दिसलं की अँगस, निळसर दिसलं की ब्ल्यू म्हणून बोली लावतात. रंग फार तर बाप कुठल्या जातीचा ते सांगतो, चांगला की वाईट ते नाही. आमच्याकडे काळ्या कातड्याच्या जोरावर कितीतरी सुमार वासरं अँगस म्हणून खपली आहेत.

---

कॉर्ककर

अगदी. इथे आता कानाच्या टॅगबरोबरच कातडीचा बारीक तुकडा निघतो, त्यावरून जीनोम तपासणी. २०२३ पासून राष्ट्रीय योजना आहे. तुझा मालक त्यात असेल तर प्रत्येक वासराचा बाप खात्रीने कळतो आणि त्याचं बीफ-मूल्य विकतानाच बोर्डावर दिसतं. घेणाऱ्याला दोन वर्षांनंतरच्या कार्कसचा अंदाज तीन आठवड्यांच्या वासरावरून येतो. त्यामुळे तो सुरुवातीचा मुद्दा, की फायदा दुसऱ्याच्या खिशात, तो आता थोडा बदलतोय. चांगल्या बापाचं वासरू दिसलं की बोली वर जाते.

शेवटचा रकाना राहिला: विश्वासार्हता. नव्या बैलाची टक्केवारी कमी असते, पुढे लेकरं कापली गेली की आकडा वर-खाली सरकतो. तीस-चाळीस टक्केवाला एकच बैल सगळ्या कळपावर वापरू नको. चार-पाच घे, कांड्या वाटून टाक. आणि गाईंची यादी इथे टाकू नकोस, व्यनि (खासगी निरोप) कर. मालकाची आहे ती.